सदाहरित अबोला

...आणि वर केंद्राच्या बाई मलाच म्हणतात, "तुझ्या आईसारखी माणसं जन्मालाच यावी लागतात गं!" अहो, ती जन्माला आली म्हणून तर मी आले, यात मला नवीन काय सांगताय? पण नाही! मी हसले, मान डोलावली, "हो ना, हो ना" म्हणाले, आणि आत... आत काय झालं ते विचारू नका. आता तुम्हीच सांगा, स्वतःच्या आईवर जळतं का कुणी? नाही ना? मीही जळत नव्हते. एवढंच म्हणणं आहे माझं.

बसा, बसा. पाहुण्यांचीच खोली आहे ही. आधी मोजे तपासा, जळवा असतात. घाबरू नका, रक्त पितात नि जातात, त्यांचं काही मनात राहत नाही. तुम्ही आत्ता त्याच रस्त्यानं आलात ना, जीपमधून? मग तुम्हाला काय वेगळं सांगू? दोन्ही बाजूंनी झाडं अशी अंगावर येतात की भर दिवसा दिवे लावावे लागतात, आभाळ म्हणजे पानांनी खाऊन उरलेली चार भोकं, आणि मधूनच एकदम दरी उघडते नि खाली ढग बसलेले, रवंथ करत बसलेल्या म्हशींसारखे निवांत! असल्या जंगलासाठी मी नोकरी सोडली. खरंच सांगते. नोकरी कसली होती माहितीये? प्लायवूडवर चिकटवायचा कागद बनवणारी कंपनी. लाकडासारखा दिसणारा कागद! आणि त्या कागदांना नावं द्यायची, हे माझं काम. 'रानसावली', 'ओली पहाट', 'सदाहरित, चकाकी नसलेला'... तिकडं खरी झाडं आडवी होतायत आणि मी एसीत बसून कागदाचं कौतुक करतेय! एके दिवशी साहेब म्हणाले, "याला जरा आणखी जंगल वाटेल असं काहीतरी दे." मी म्हटलं, "साहेब, त्यापेक्षा जंगलच शिल्लक ठेवू या ना?" साहेबांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "नको. नाव फार लांब होतंय."

त्याच संध्याकाळी राजीनामा!

आणि इथंच घोटाळा झाला. राजीनामा मी साहेबांना दिला, आईला नाही दिला. म्हणजे सांगणार होते, योग्य वेळ बघत होते, आणि योग्य वेळ यायच्या आधी कंपनीच्या बसचा ड्रायव्हर आला आणि आईला दारात म्हणाला, "ताई आता येणार नाहीत ना? मग त्यांची छत्री गाडीत राहिली होती, ती घ्या." आईनं छत्री घेतली. दार लावलं. आणि अबोला धरला.

आता माझ्या आईचा अबोला म्हणजे काय, हे तुम्हाला कळायला हवं. इतरांच्या आया रागावल्या की भांडी आपटतात. माझी आई पातेलंसुद्धा कापसावर ठेवल्यासारखं ठेवते. तिचं उभं आयुष्य पाणी खात्यात गेलं, तक्रारींच्या खिडकीवर. लोक यायचे, "नळाला थेंब नाही, तुम्ही झोपा काढताय का!" असं बोंबलायचे, आणि ही नुसती बघायची. शांत. माणूस ओरडून ओरडून थकायचा आणि शेवटी हिलाच "माफ करा हं मॅडम" म्हणून घरी जायचा, नळ कोरडाच! बाबा होते तेव्हा एकदा त्यांच्याशी अख्खा उन्हाळा बोलली नव्हती. बाबांना कारण आठवेना आणि विचारायची सोय नाही. आणि बरं का, अबोल्यात ती गप्प बसते असं समजू नका. बोलते. फक्त तिसऱ्याशी. घरात तिसरं कुणी नव्हतं, म्हणून फ्रिजशी. "काही लोकांना वाटतं, दूध आपोआप येतं." हे फ्रिजला! मी मागे उभी!

असा तो अबोला चालू असताना माझ्या अर्जावर इथून बोलावणं आलं. जागा एकच. पद 'श्रवण साहाय्यक'. तुम्हाला वाटेल, हे काय नवीन? तर इथं, या जंगलात, दिसत काहीच नाही. पानं, पानांमागे पानं. म्हणून या केंद्रावर जनावरं बघून मोजत नाहीत, ऐकून मोजतात. जीप निघते, ठरलेल्या जागी थांबते, इंजिन बंद, सगळे गप्प, आणि कोण ओरडलं, कोण गायलं, कोण पूर्वी गायचं आणि आता गात नाही, ते टिपून घ्यायचं. मग पुढचा थांबा. झालं काम! आणि केंद्राच्या प्रमुख आपल्या बाई. त्यांचा मुलाखतीवर विश्वास नाही. म्हणतात, "टेबलापलीकडे कुणीही शहाणं दिसतं. जीपमध्ये बसव, दोन दिवस फिरव, माणूस उघडा पडतो."

मी तर नाचलेच! म्हटलं, बघा, मीच हवीये यांना! झाडांची नावं पाठ केली, पक्ष्यांची केली, बेडकांचीसुद्धा केली, आरशापुढं उभं राहून म्हणायचे. आणि निघायच्या आदल्या दिवशी आई फ्रिजला सांगते, "मीही जाणार आहे. मुलीला जिथं टाकायचं ती जागा आधी बघायला नको?" मी घाबरत घाबरत बाईंना फोन केला. बाईंचं बोलणं म्हणजे तार. "मागची सीट रिकामी. आणा."

अशी निघाली वरात. बाई गाडी चालवतायत, गुडघ्यापर्यंत चिखल, केस पोरासारखे कापलेले. शेजारी मी, पाठीचा कणा ताठ, डोळ्यांत तेज वगैरे. आणि मागे आई, मांडीवर पिशवी, पिशवीत थर्मास, उकडलेली अंडी, स्वेटर आणि ती छत्री. तीच छत्री! मुद्दाम!

पहिला थांबा. बाईंनी इंजिन बंद केलं. म्हणाल्या, "ऐकायचं."

मी म्हटलं, "अगदी बरोबर बाई, ऐकणं हेच खरं, आज प्रत्येकाला फक्त बोलायचंय, ऐकायला म्हणून कुणी तयार नाही, माझं तर मत आहे की शाळेपासूनच—"

"आत्ता," बाई म्हणाल्या.

"हो हो, आत्ताच." आणि मी गप्प बसले. खरंच बसले. आणि मग वरून एक शीळ आली, अशी लांबलचक, शेवटाला वळण घेतलेली, आणि मला तो पक्षी माहीत होता हो! पाठ केला होता मी! नाव सांगितलं, शास्त्रीय नाव सांगितलं, तो काय खातो, घरटं कुठं करतो, त्याच्यावर संकट काय आलंय आणि त्याला आपली अर्थव्यवस्था कशी जबाबदार आहे, सगळं सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "उडाला."

आणि आरशात बघतायत. गाडीच्या आरशात. मीही बघितलं. मागे आई. दगड! पापणी हलत नाही, पिशवी वाजत नाही, श्वाससुद्धा विचारून घेत असावी. अर्थात! तिला माझ्याशी बोलायचंच नव्हतं! पण बाईंना काय माहीत? बाई तिच्याकडं अशा बघत होत्या ना... मी त्या रस्त्याकडं जशी बघत होते, तशा. म्हणाल्या, "वा." बस, "वा"! मला सकाळपासून "वा" नाही!

मी जळत नव्हते हं. मी फक्त आरसा बघत होते.

पुढच्या थांब्यांवर मी रुमाल तोंडात धरला. आणि जंगलानं काय करावं? ज्या जंगलासाठी मी पगारावर लाथ मारली, त्या जंगलानं? एवढा मोठा धनेश आला, पंखांचा आवाज कसा, तर वाफेचं इंजिन यावं तसा, आणि बसला कुठं? आईच्या खिडकीबाहेर! हात लांब केला तर चोचीला लागेल! मी सीटवरून उलटी झाले, हँडब्रेकवर गुडघा आपटला, मान बाहेर काढेपर्यंत गेला. आणि आई? आईनं बघितलाच नाही! ती थर्मासचं झाकण शोधत होती! मग फुलपाखरं आली. निळी. तळहाताएवढी. माझ्या हाताचा घाम मी मुद्दाम पुसला नव्हता, त्यांना घाम आवडतो, मी वाचलं होतं, हात बाहेर काढून भिकाऱ्यासारखी बसले होते मी! बसली कुठं? छत्रीवर! आई बाईंना म्हणते, "तिला सांगा, हात आत घे, फांदी लागेल."

आता मला सांगा, यात जळण्यासारखं काय आहे? काही नाही! त्या जंगलात सगळंच ओलंचिंब, काडीसुद्धा पेटत नाही, तिथं माणूस काय जळणार?

पण राहवलं नाही. एका वळणावर मी म्हणालेच, "बाई, तुमचा गैरसमज होतोय. ती ऐकत नाहीये. ती रागावलीये."

"कुणावर?"

"माझ्यावर! अबोला धरलाय तिनं!"

"कधीपासून?"

"राजीनाम्यापासून! कित्येक आठवडे झाले!"

बाईंनी गाडी थांबवली. रस्त्याच्या मधोमध. मागे वळून आईकडं बघितलं आणि विचारलं, "एकदाही तोंडातून शब्द निसटला नाही?"

आई नम्रपणे म्हणाली, "नाही. सवय आहे."

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. झालं! मी तिची तक्रार केली आणि ती तिची शिफारस ठरली!

मग नदी आली. तुम्हीही आलात ना तराफ्यावरून? तारेला बांधलेला, जीप चढवायची नि तो माणूस ओढत ओढत पलीकडं नेतो. तेव्हा तराफा पलीकडच्या काठाला होता आणि नदी फुगलेली, त्यामुळं वाट बघणं आलं. आई आणि बाई एका दगडावर बसल्या, अंडी सोलत. मला वेगळा दगड. मी पाण्याकडं बघत होते, पण कान तिकडं. हो, ऐकत होते मी! त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं, आणि त्याची नोंद कुणी घेतली नाही.

आई बाईंना सांगत होती, "निवृत्त झाले त्या दिवशी घरी आले, चहा केला, आणि लक्षात आलं की आता दिवसभर कुणी तक्रार घेऊन येणार नाही. ही तेवढी एक होती. आई टॉवेल कुठंय, आई चहा गार झालाय, आई तुला कळत नाही जग कुठं चाललंय... आता हीही इथं येणार. मुलगी गुणाची आहे हो माझी. पण ही इथं आल्यावर मी अबोला धरायचा कुणाशी?"

...काय सांगू तुम्हाला. इतके दिवस मला वाटत होतं, ती माझ्या तत्त्वांवर रागावलीये! मी उठलेच होते. जाऊन गळ्यात पडणार होते. तेवढ्यात बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलायला लागल्या. बाई! ज्यांनी माझ्याशी दिवसभरात चार शब्द काटकसरीनं वापरले होते, त्या बाई तराफा येईपर्यंत बोलत होत्या! आपलं लहानपण, आपलं एकटं राहणं, पहिल्या वर्षी इथं रडायच्या ते, सगळं! आईला! मी परत माझ्या दगडावर बसले. आईवर जळतं का कुणी? दगड गरम होता, एवढंच.

दुसरा दिवस. शेवटचा थांबा. तिथं बाई इंजिन बंद करायच्या आधीच म्हणाल्या, "इथं लांबहात्यांची एक जोडी गायची." लांबहात्या म्हणजे शेपूट नसलेलं, लांब हातांचं झाडावरचं माकड, इथली माणसं त्याला तेच म्हणतात. नर नि मादी मिळून गातात, सकाळी, एकानं उचलायचं, दुसऱ्यानं झेलायचं. "रस्ता रुंद केला आणि गप्प झाली. मेली की गेली, माहीत नाही. मी दर वेळी थांबते." एवढं लांब वाक्य बाई माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या. मी ठरवलं, हेच. हे मीच ऐकणार! इथं जीव गेला तरी तोंड उघडणार नाही! या नोकरीत माझा जीव अडकलाय हो, हौस नाही ती! मला खरंच वाटतं की कुणीतरी इथं बसून हे ऐकलं पाहिजे, नाहीतर एक दिवस सगळं 'चकाकी नसलेला' कागद होऊन जाईल!

इंजिन बंद.

मानेवर जळू चढली. गप्प. कानात डास शिरला. गप्प. नाकाच्या शेंड्यावरून घाम ओघळला. गप्प! इतकी गप्प की मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं. आयुष्यात इतका वेळ मी कधी गप्प बसले नव्हते! आणि माझा एक स्वभाव आहे, कौतुक वाटलं की ते मला आत ठेवता येत नाही. मी अगदी हळूच, कुजबुजत म्हणाले, "बाई, बघितलंत? मी किती गप्प आहे!"

आणि नेमकं तेव्हाच मागून आईनं बोट वर केलं.

बाईंचा श्वास थांबला. दुसऱ्या डोंगरावरून, खूप लांबून काहीतरी येत होतं, मला नीट कळेना, आणि आई पुढं वाकली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ऐक."

मला! फ्रिजला नाही, बाईंना नाही, मला! एक शब्द! इतक्या आठवड्यांनी! आणि मी काय केलं असेल? तुम्ही काय केलं असतं? मी किंचाळले, "बोललीस! तू बोललीस ना? बाई, ती बोलली! माझ्याशी बोलली!" आणि सीटवरून मागे उडी मारून तिच्या गळ्यातच पडले, पिशवी सांडली, थर्मास दणदण करत रस्त्यावर, झाकण दरीत...

आणि लांबहात्यांची जोडी गाऊन संपली.

बाई रडत होत्या. आई रडत होती. दोघींनी ऐकलं होतं. मी रडत होते, पण माझं कारण वेगळं होतं. बाई डोळे पुसत आईला म्हणाल्या, "दोघं होते ना?" आई म्हणाली, "दोघं. एक जरा चिडलेला वाटला." आणि दोघी हसल्या. मी मध्ये, अंड्यांच्या टरफलांत.

घरी आलो. फोन आला. मी धावले. "बाई! मी तयार आहे! लगेच निघते!"

"आईला दे."

मी फोन दिला. आई ऐकत होती, "हो... हो... अहो पण माझं वय..." मग पुन्हा ऐकलं, आणि लाजली! माझी आई! कोपऱ्यात उभं राहूनही बाईंचा आवाज मला स्पष्ट येत होता, "हुशार मुलं पुष्कळ येतात हो. पहिल्या मुसळधार आठवड्यात पळतात. मला गप्प बसणारं माणूस हवंय." आणि वर फोन परत माझ्याकडं आल्यावर मला ते वाक्य, सुरुवातीला सांगितलं ते, जन्मालाच यावी लागतात वगैरे.

मी जळत नव्हते. मी लोकशाही मार्गानं विरोध करत होते! म्हटलं, हा अन्याय आहे! जागा मी शोधली, अर्ज मी केला, बेडूक मी पाठ केले! आईनं सगळं ऐकून घेतलं, खिडकीत ऐकायची तसंच. मग फ्रिजकडं वळली. "काही लोकांना जंगलात राहायचं होतं. नियम आहे म्हणे, कर्मचाऱ्यासोबत घरातलं एक माणूस राहू शकतं. अवलंबित म्हणून. यायचं असेल तर बॅग भर म्हणावं."

अवलंबित! मी! ज्या मुलीनं कॉलेजात स्वावलंबनावर भाषण करून पहिलं बक्षीस मिळवलं, ती! मी म्हणणार होते की मरेन पण कुणाच्या उपकारावर येणार नाही. तोंड उघडलंच होतं. पण मग तो रस्ता डोळ्यांपुढं आला हो, ती दरी, ते ढग... बॅग भरली.

आता रोज सकाळी आई जीपमध्ये पुढं बसते. पुढं! मागच्या सीटवर आवाज टिपायची यंत्रं असतात, म्हणून माझ्यासाठी जागा नाही. संध्याकाळी दोघी व्हरांड्यात बसतात. गप्प. आणि मधेच एकदम हसतात! न बोलता! मी विचारते, "काय झालं? काय?" बाई म्हणतात, "काही नाही." आता तुम्हीच सांगा, आईवर जळतं का कुणी?

काल मी धीर करून म्हणाले, "बाई, एकदा मलाही न्या ना शेवटच्या थांब्यापर्यंत. तोंडाला चिकटपट्टी लावते. मला एकदा ऐकायचंय ते गाणं." बाईंनी आईकडं बघितलं. आई झाडांकडं बघत म्हणाली, "तिला सांगा, उद्या पाहुण्यांना सोडून जीप लगेच पुढं निघणार आहे. मागची यंत्रं काढून ठेवते. तेवढ्यात पाहुण्यांची खोली झाडून तयार राहा म्हणावं. हाक मारणार नाही, हॉर्न वाजवणार नाही, जंगल आहे ते. इंजिन चालू झालेलं ऐकू आलं की ये."

म्हणजे आज! आत्ता! म्हणून तर मी झाडू हातात घेऊन उभी आहे, तुम्ही आलात, मोजे काढलेत, आता पटकन एवढा कोपरा झाला की... थांबा.

अहो, बाहेर इतकं शांत कसं?

गेली? कधी गेली?... तुम्ही ऐकलीत? मग सांगायचं नाही का!... काय? मी श्वास घेईपर्यंत थांबला होतात?

...राहू द्या. पाय वर घ्या जरा, केर काढते.